मैलापूरच्या घरातली अमावास्येची तयारी

साताऱ्याला आमच्या घरी अमावास्येला नवं काही करत नसत. प्रवास नको, खरेदी नको, लग्नाची बोलणीही नकोत. लग्न होऊन चेन्नईला आले आणि दुसऱ्याच महिन्यात अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "उद्या निरैंद अमावासै आहे, बँकेत खातं उघडायचं तर उद्याच उघड." निरैंद म्हणजे भरलेली. ज्या रात्री आकाशात चंद्रच नाही तिला भरलेली म्हणायचं, हे पचायला मला बरेच महिने लागले. घरातले गेलेले सगळे त्या दिवशी दाराशी येतात, घर भरतं, म्हणून दिवस चांगला, एवढं साधं उत्तर अम्मांनी दिलं होतं. पुढची तयारी मी त्यांच्याकडूनच तोंडी शिकले. आमचं घर अय्यरांचं आहे. तुमच्या सासरी काही वेगळं असेल तर तिथल्या मोठ्या माणसांचंच ऐका.

सुरुवात कॅलेंडरपासून करा, आणि तीही आठवडाभर आधी. तमिळ घरात रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असतंच. त्यावर 'सर्व अमावासै' असं छापलेलं असेल तो तर्पणाचा दिवस. कधी आदल्या दिवशी 'बोधायन अमावासै' असंही दिसतं. ते बोधायन सूत्र, म्हणजे विधींची वेगळी परंपरा, पाळणाऱ्या घरांसाठी असतं, आपण गोंधळायचं नाही. तर्पणाला तिथी दुपारी, अपराह्णात असावी लागते, म्हणून साताऱ्याहून आईने फोनवर सांगितलेली अमावास्या आणि इथली कधीकधी एक दिवस पुढेमागे होते. महिन्यांची नावंही जुळत नाहीत, कारण तमिळ महिने सूर्यावर चालतात आणि तिथ्या त्यांत येऊन बसतात. वर्षातल्या तीन अमावास्या मोठ्या. थै महिन्यातली, आडि महिन्यातली आणि पुरट्टासितली महालय, म्हणजे आपली सर्वपित्री. आडि अमावास्या बहुतेक वर्षी आपल्या दिव्यांच्या अमावास्येलाच येते. इकडे आम्ही तीळ धूत असतो तेव्हा तिकडे आई समया घासत असते, हे मला दरवर्षी आठवतं. या तीन दिवशी मैलापूरच्या कपालीश्वराच्या, म्हणजे शंकराच्या देवळाच्या तळ्यावर सकाळपासून तर्पणाला रांगा लागतात. वाध्यार, म्हणजे आपले गुरुजी, हवे असतील तर चार दिवस आधी सांगून ठेवा. बाकीच्या महिन्यांत मंत्र पाठ असेल तर घरच्या घरी होतं.

अमावास्येच्या आदल्या एकदोन दिवसांत प्रदोषम् येतो. त्याची तयारी थोडी आहे. अभिषेकाला दूध, बेलाची पानं, नंदीसाठी अरुगंपुल्ल म्हणजे दूर्वा आणि गूळ घातलेले भिजवलेले तांदूळ, ते काप्परिसि. संध्याकाळी साडेचारपर्यंत देवळात पोचा, पुढे उभं राहायला जागा मिळत नाही. परत येताना दक्षिण माड वीथीतून अमावास्येची भाजी घेतली की एक खेप वाचते.

भाजीचा नियम पाठ करून टाका. कांदा-लसूण नाही. कोबी, फ्लॉवर, गाजर, बीन्स, टोमॅटो नाही. या परदेशातून आलेल्या भाज्या, त्या पितरांच्या पानात चालत नाहीत. कच्ची केळी हवीतच, तीही थोडी जास्त. काही पोरियलसाठी, म्हणजे सुक्या भाजीसाठी, आणि दोन वाध्यारांच्या दानासाठी, कारण तांदूळ आणि कच्ची केळी हे इथलं ठरलेलं दान. त्यावर विड्याची पानं आणि दक्षिणा. शिवाय गवार किंवा सुरण घ्या, मोरकुळंबुसाठी कोहळा. मोरकुळंबु म्हणजे ओलं खोबरं आणि मिरची वाटून लावलेली ताकाची आमटी, आपल्या कढीची दाट बहीण. पायसमसाठी मूगडाळ आणि गूळ, वड्यांसाठी उडीदडाळ. केळीची पानं जरा जास्तच आणा, एखादं नेमकं वाढतानाच फाटतं. स्कूटरवरून येणार असाल तर दुकानांसमोर जपून चालवा. अमावास्येला दृष्ट काढून कोहळे फोडतात आणि कुंकवाचा तो लगदा रस्त्यावर घसरडा होतो.

तर्पणाचं सामान आमच्याकडे एका पत्र्याच्या डब्यात असतं. काळे तीळ, दर्भाची जुडी, पळी-पंचपात्र, ताम्हन. नवरा कामासाठी परगावी जातो तेव्हा तो डबा बॅगेत पहिला जातो. आदल्या संध्याकाळी डबा उघडून बघाच, तीळ संपल्याचं कुणाला सकाळी सातला कळू नये. तीळ निवडून धुऊन ठेवा, ओले तीळ अंगठ्याला नीट चिकटतात. दर्भाचं पवित्रक, म्हणजे बोटातली अंगठी, आणि कूर्च, म्हणजे दर्भाची छोटी जुडी, ज्याला तर्पण करायचं त्याने स्वतः बांधावं, तेवढ्यात मन जागेवर येतं. एक धोतर धुऊन, कुणाचा हात लागणार नाही असं वेगळं वाळत घाला. इथे त्याला मडि म्हणतात, आपलं सोवळं.

डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला आहे, त्यावर गोत्र आणि नावं. वडील, आजोबा, पणजोबा, तशाच त्यांच्या बायका, मग आईच्या माहेरच्या तीन पिढ्या. आई हयात असेल तर तिच्या जागी आजीपासून मोजतात. तीन वर्षांपूर्वी अम्मा गेल्या. वर्षश्राद्ध झाल्यावर तो कागद मी पुन्हा लिहिला, आणि त्या ओळीत पहिलं नाव त्यांचं आलं. शाई वाळेपर्यंत मी डबा बंद करू शकले नाही. तुमच्या घरी असा कागद नसेल तर याच महिन्यात करा. सासऱ्यांच्या आजीचं नाव विचारायला आज घरात कुणीतरी आहे, तोवरच विचारा.

सकाळी उठल्यावर सवयीने हात कोलमच्या पिठाकडे जातो, तो आवरा. तर्पण होईपर्यंत दारात रांगोळी नाही. पाणी मारून उंबरा स्वच्छ ठेवायचा, बस. आंघोळ करून स्वयंपाकाला लागा, चव बघायची नाही. मीठ हातानेच कळायला लागतं, पहिले काही महिने चुकेल. तर्पण दुपारच्या सुमारास, दक्षिणेकडे तोंड करून. जानवं अपसव्य, म्हणजे उजव्या खांद्यावर, आणि पाणी अंगठा व तर्जनीमधून सोडायचं. त्या वेळी घरात टीव्ही, फोन बंद असावेत एवढंच काम आपल्याकडे. ताम्हनातलं तिळाचं पाणी पाय पडणार नाही अशा ठिकाणी, झाडाच्या बुंध्याशी ओता.

मग कावळ्याचा घास. भात, वरण, वर तूप, बाल्कनीच्या कठड्यावर केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवायचा आणि हाक मारायची. तो खाईपर्यंत कुणी जेवत नाही. तर्पणाच्या यादीत माझ्या वडिलांचं नाव येत नाही, ते माझा भाऊ साताऱ्यात घेतो. पण भाताचा हा घास मी ठेवते. ठेवताना त्यांना हाक मारते, आणि अम्मांना ते माहीत होतं. त्या बाजूला उभ्या राहून म्हणायच्या, "तूप अजून घाल, त्यांना आवडायचं ना?"

रात्री तर्पण करणाऱ्याला भात नसतो, पलगारम, म्हणजे फराळाचं, असतं. इडली, उपमा, किंवा आमच्याकडे अडै, डाळ-तांदळाचं जाड धिरडं. त्याची डाळ-तांदूळ दुपारी जेवणं आटोपताच भिजत घाला, संध्याकाळी आठवून उपयोग नाही. वाटताना लाल मिरची आणि आलं घाला, कांदा इथेही नाही. तवा तापला की जाडसर थापा, मधे भोक पाडून तेल सोडा. आणि झोपण्याआधी डब्यातले उरलेले तीळ बघून घ्या, कमी असतील तर भाजीच्या यादीत आजच लिहून ठेवा.