ओल्या रस्त्यावर गटाने दुचाकी नेताना या चुका टाळा

श्रावण लागला की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून डोंगराकडे दुचाकींचे ताफे निघू लागतात. कोणी शहादा, म्हसावद, राणीपूर या मार्गाने तोरणमाळ गाठतो, कोणी पाल किंवा मनुदेवीला जातो, चाळीसगावकडची मंडळी पाटणादेवीला आणि कन्नड घाटात शिरतात, तर साक्रीकडची आलालदरीचा धबधबा पाहायला निघतात. या ताफ्यांत जे घोळ होतात, त्यांचे खापर सहसा पावसावर फोडले जाते. पण माझ्या पाहण्यात पावसापेक्षा गटाच्या सवयी जास्त गाड्या पाडतात. एकट्याने जाताना जो माणूस ओल्या वळणावर न सांगता वेग कमी करतो, तोच माणूस गटात असला की पुढच्या गाडीच्या लाल दिव्यावर नजर ठेवून तिच्याच वेगाने वळणात शिरतो आणि वळण किती तीव्र आहे हे पाहतच नाही.

उघडीप पडल्यावर निर्धास्त होणे

खान्देशातला पाऊस कोकणासारखा सलग नसतो. दोन सरींमध्ये आठ-आठ दिवसांची उघडीप सहज पडते, आणि तेवढ्या अवधीत रस्त्यावर धूळ, टायरांचे बारीक रबर आणि ट्रकांचे गळलेले तेल पुन्हा साचते. त्यामुळे पहिल्या पावसात रस्ता निसरडा असतो हा नियम इथे जून महिन्यापुरता राहत नाही. प्रत्येक खंडानंतरची पहिली सर ही पहिलीच सर ठरते. पाऊस सुरू झाल्यानंतरची पहिली पंधरा-वीस मिनिटे सर्वांत फसवी असतात, कारण तेवढ्या भुरभुरीने मळ वाहून जात नाही, फक्त ओला होतो. शक्य असेल तर तेवढा वेळ एखाद्या टपरीवर चहा घेण्यात घालवावा. जोराचा पाऊस होऊन रस्ता धुतला गेल्यानंतर तोच रस्ता पुष्कळ बरा झालेला असतो.

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्गावर रावेर, सावदा, फैजपूर, यावल या पट्ट्यात केळीच्या गाड्यांतून सांडलेला पाला ओल्या डांबरावर चिकटून बसतो, आणि त्यावरून पुढचे चाक सरकले तर सावरायला वेळ मिळत नाही. यावलच्या जंगलातल्या रस्त्यावर सागाची पाने हेच काम करतात. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, पुलाच्या सांध्यांवरचे लोखंड आणि रेल्वे फाटकातले रूळ ओले असताना त्यांवर ब्रेक लावू नये आणि हँडलही वळवू नये. रूळ तर शक्य तितके काटकोनात ओलांडावेत.

वाफशाची माती

या भागातल्या काळ्या मातीविषयी बाहेरच्या लेखांत काहीच सापडत नाही, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. पाऊस थांबून शेतात वाफसा आला, म्हणजे जमीन कामाजोगी सुकली, की ट्रॅक्टर आणि बैलगाड्या शेतातून थेट डांबरी रस्त्यावर येतात आणि चाकांना लागलेला गारा शे-दोनशे पावले रस्त्यावर सांडत जातात. ऊन असताना ही ढेकळे दिसतात. पुन्हा सर आली की त्यांचा काळा लगदा होतो आणि तो काळ्या डांबरावर ओळखू येत नाही. शेतरस्ता जिथे डांबरी रस्त्याला मिळतो, तिथे वेग आधीच उतरवून, गाडी सरळ ठेवून पुढे काढणे एवढाच उपाय आहे.

त्याहून मोठी चूक म्हणजे जवळचा रस्ता म्हणून मोबाइलच्या नकाशाने दाखवलेल्या शिवाररस्त्यावर अख्खा गट वळवणे. काळी माती चाकाला नुसती लागत नाही, ती थरावर थर चढवत जाते. पुढचे चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटभर जागा असते. ती भरली की चाकाला जणू आपोआप ब्रेक लागतो. चालकाला वाटते की इंजिनाची ताकद कमी पडते आहे, म्हणून तो ॲक्सिलरेटर पिळतो, मागचे चाक जागेवर फिरून क्लचचा जळका वास येतो, आणि पुढचे चाक फिरत नसल्यामुळे गाडी एका बाजूला कलंडते. अशा वेळी इंजिन बंद करावे, बाभळीची किंवा तुरीची जाड काडी घेऊन मडगार्डच्या आतली माती दोन्ही बाजूंनी कोरून काढावी, आणि गाडी ढकलत गवताच्या कडेने न्यावी, कारण गवताच्या मुळ्यांमुळे तिथे माती कमी चिकटते. स्क्रू ड्रायव्हरने कोरू नये. टायरला किंवा ब्रेकच्या नळीला इजा होते. चेनवर चढलेला लगदाही तिथल्या तिथे काढावा, नाही तर तो दात्यांमध्ये अडकून चेन उतरते. पाचशे मीटरचा शिवाररस्ता असा दोन तास खातो, आणि गटातल्या सर्व गाड्या त्यात अडकल्या तर ओढून काढायला कोणीही मोकळे उरत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा एकच गाडी पुढे पाठवावी आणि बाकीच्यांनी डांबरावर थांबावे.

याच मातीत साइड स्टँडही रुततो. थांब्यावर ओळीने लावलेल्या गाड्यांपैकी एकीचा स्टँड खचला की ती शेजारच्या गाडीवर पडते आणि पुढे आरसे, लिव्हर, इंडिकेटर यांचा हिशेब सुरू होतो. स्टँडखाली चपटा दगड ठेवावा आणि गाड्या एकमेकींपासून हातभर दूर लावाव्यात.

अंतर आणि क्रम यांतील चुका

कोरड्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचे अंतर ठेवावे असे सांगतात. ओल्या रस्त्यावर ते चार सेकंद धरावे. ताशी 50 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 14 मीटर जाते, म्हणजे चार सेकंदांचे अंतर 55 मीटरच्या आसपास भरते. दहा गाड्यांचा ताफा या हिशेबाने रस्त्यावर अर्धा किलोमीटर पसरतो, आणि मागून येणाऱ्या एसटीला किंवा ट्रकला तो एका दमात ओलांडता येत नाही. मग ती वाहने मध्येच घुसतात, अंतर मोडते, मागचे बिचकतात आणि तुटलेला ताफा जोडण्यासाठी वेग वाढवतात. ओव्हरटेकच्या नादात होणाऱ्या अपघातांचे मूळ इथे असते. त्यामुळे चार-पाच गाड्यांचे लहान गट करावेत आणि दोन गटांमध्ये चांगले किलोमीटरभर अंतर असू द्यावे. सरळ रस्त्यावर एक गाडी थोडी डावीकडे तर दुसरी थोडी उजवीकडे, अशी तिरकी रांग चालते. घाटात मात्र एकामागे एकच जावे.

गाड्यांचा क्रम लावताना ब्रेकचा विचार कोणी करत नाही. एप्रिल 2019 पासून 125 सीसीहून अधिक क्षमतेच्या नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) आणि त्याखालच्या गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय बंधनकारक झाली. पण गटात त्याआधीची शंभर सीसीची, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी हमखास असते. पुढे डिस्क आणि एबीएस असलेला चालक गावाच्या तोंडाशी न रंगवलेला गतिरोधक पाहून कचकन थांबतो, आणि त्याच्यामागची जुनी गाडी, तिचा चालक कितीही सावध असला तरी, तेवढ्या अंतरात थांबू शकत नाही. कमकुवत ब्रेकच्या गाड्या आणि नवखे चालक म्होरक्याच्या लगेच मागे ठेवावेत, आणि म्होरक्याने आपला वेग त्यांच्यावरून ठरवावा. सर्वांत मुरलेला माणूस, ज्याच्याजवळ हत्यारे, पंप आणि पंक्चरचे साहित्य आहे, तो सर्वांत मागे हवा. तो पुढे पळाला तर मागे पंक्चर झालेल्याला त्याचा काही उपयोग नाही.

सगळ्यांनी सगळ्यांवर नजर ठेवावी हे प्रत्यक्षात होत नाही. त्याऐवजी प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्या गाडीचा दिवा आरशात पाहावा; तो दिसेनासा झाला की वेग कमी करावा, तरीही न दिसल्यास साइडपट्टीवर सुरक्षित जागी थांबावे. अशा रीतीने थांबल्याची खबर साखळीने म्होरक्यापर्यंत पोचते. राणीपूर सोडून वर तोरणमाळच्या घाटात शिरल्यावर मोबाइलला रेंज मिळेलच याचा भरवसा नसतो, म्हणून फोन करून ठरवू असे म्हणत निघू नये. भेटण्याची ठिकाणे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावीत.

फरशीवरून वाहणारे पाणी

आकाश निरभ्र आहे म्हणून फरशी पुलावरचे, म्हणजे नदीपात्रातल्या बुटक्या पुलावरचे, पाणी उतरणारच, असे समजणे ही खान्देशातली जीवघेणी चूक आहे. सुकी, मोर, अनेर, गोमाई या नद्या सातपुड्यातून उतरतात. वर पाऊस कोसळत असताना खाली ऊन पडलेले असते आणि गढूळ लोंढा मागाहून येतो. तापीसारख्या मोठ्या नदीचीही हीच गत आहे. भुसावळला टिपूस नसतो आणि मध्य प्रदेश व विदर्भातल्या पावसाने हतनूर धरणाच्या 41 दरवाजांपैकी कितीतरी उघडावे लागतात. 31 ऑगस्ट 2021 रोजी कन्नड घाटात दरड कोसळली आणि त्याच वेळी चाळीसगावात पूर आला. घाट आणि गाव दोन्ही एकाच पावसात बंद होऊ शकतात, हे परतीचा रस्ता ठरवताना ध्यानात असावे.

वाहत्या पाण्याखालची फरशी खचली आहे की शाबूत आहे हे वरून कळत नाही. पाणी घोट्याच्या वर असेल आणि ओढ दिसत असेल, तर दुचाकी घालूच नये. काठावरचा एखादा म्हातारा गुराखी “भाऊ, आताच नका जाऊ, पाणी चढंतंय” असे म्हणत असेल, तर त्याचे ऐकावे. इथेही गटाची खोड आड येते: पहिला निभावून गेला की उरलेल्यांना मागे राहणे कमीपणाचे वाटते, आणि पाचवा चालक पाण्यात उतरतो तेव्हा पातळी पहिल्याच्या वेळेपेक्षा वीतभर वाढलेली असते.

साचलेले, स्थिर पाणी ओलांडायचे असल्यास पहिल्या गिअरमध्ये, इंजिनाचा आवाज एकसारखा ठेवून, मध्ये न थांबता आणि एका वेळी एकच गाडी न्यावी. बाहेर आल्यावर पन्नास-शंभर मीटर दोन्ही ब्रेक हलके दाबत चालावे, म्हणजे ड्रममधले पाणी सुकते. हे न केल्यामुळे पुढच्याच उतारावर ब्रेक लागत नाही, आणि लोक म्हणतात ब्रेक फेल झाला.

गाडी बंद पडल्यावर

पाण्यात बंद पडलेल्या गाडीचा सेल्फ पुन्हा पुन्हा मारणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल, तर पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी गाडी ढकलून बाहेर काढावी, प्लग काढावा, मग किक मारून किंवा सेल्फने इंजिन फिरवावे. पाणी आत असेल तर प्लगच्या भोकातून उडते. प्लग पुसून, कॅप आतून कोरडी करून बसवावी, एअर फिल्टर पिळून किंवा झटकून घ्यावा, आणि कार्बोरेटरची गाडी असेल तर वाटीचा ड्रेन स्क्रू सोडून पाणी मिसळलेले पेट्रोल काढावे. इंजिन ऑइल चहात दूध घातल्यासारखे पांढरट दिसले, तर गाडी सुरूच करू नये. दुसऱ्या दुचाकीवरून पाय लावून टोचन करत नेण्याची आपल्याकडची पद्धत ओल्या रस्त्यावर दोघांनाही पाडते; जवळच्या गावातून छोटा हत्ती मागवावा आणि गाडी दोरीने नीट बांधून न्यावी.

केवळ पावसात चालत असताना गाडी झटके देऊ लागली, तर बहुधा प्लगच्या कॅपमध्ये ओल गेलेली असते. कोरड्या फडक्याने पुसून काम भागते. त्यासाठी मेकॅनिक शोधत फिरायची गरज नाही.

पावसाळ्यात पंक्चरही वाढतात, कारण ओल्या रबरात बाभळीचा काटा सहज शिरतो. ट्यूबलेस टायरला पट्टी भरण्याचा संच सोबत असला तरी शंभर सीसीच्या जुन्या गाड्यांना ट्यूब असते, हे विसरले जाते. गटात ज्या मापाची चाके आहेत, त्या मापाची एकेक ट्यूब घ्यावी. आणि नक्षी जाऊन गोटा झालेला टायर घेऊन आलेल्याला दोस्तीखातर न बोलता सोबत नेऊ नये. त्याला निघण्याच्या ठिकाणीच डबलसीट बसवावे.

कोणी पडल्यास

सगळे जण पडलेल्याकडे धावतात आणि मागून येणाऱ्या वाहनांना कोणीच थांबवत नाही. आधी दोघांनी मागे पन्नास-शंभर मीटरवर, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, उभे राहून हात दाखवावा. एकाने पडलेल्या गाडीचे इंजिन बंद करावे. जखमीला मानेचा त्रास होत असेल किंवा तो नीट बोलत नसेल, तर त्याला उचलून बसवू नये आणि श्वास मोकळा असेल तर हेल्मेटही ओढून काढू नये. 108 वर रुग्णवाहिका आणि 112 वर पोलीस मिळतात, राष्ट्रीय महामार्गावर 1033 हा क्रमांक आहे. रस्त्याने जाणारे लोक पोलिसांच्या भीतीने मदत टाळत असतील, तर त्यांना सांगावे की मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने अशा मदतकर्त्यांना संरक्षण दिलेले आहे.

चालकाला काही लागले नाही म्हणून लगेच किक मारून निघणे हीदेखील चूकच. पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल सरळ रेषेत आहे का ते पाहावे. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून सोडला की तो आपोआप मागे आला पाहिजे; पडताना मूठ आत सरकून किंवा माती शिरून तो अडकतो, आणि गाडी सुरू होताच उसळते. लिव्हर मोडला असेल तर निम्मा उरलेला लिव्हर गावापर्यंत चालतो, पण वाकलेला ब्रेकचा दांडा हाताने सरळ करायला जाऊ नये, तो तुटतो. पडलेला माणूस थरथरत असेल, तर ती भीतीची किंवा थंडीची लक्षणे समजून त्याला कोरडे कपडे आणि गोड चहा द्यावा, आणि त्या दिवशी पुढे त्याची गाडी दुसऱ्याने चालवावी, त्याने कितीही नाही म्हटले तरी.

घरी परतल्यावर गाडी तशीच झाकून ठेवू नये. वाळलेली काळी माती ब्रेकच्या सांध्यांत दगडासारखी घट्ट होते. त्याच रात्री साध्या पाण्याने मडगार्डचा आतला भाग आणि चेन धुवावी, चेन सुकल्यावर तेल द्यावे, आणि हेल्मेटचे आतले कापड वाऱ्याला टाकावे.