बजी आणि कॉकाटीलसाठी खाऊ, पाला आणि कुरतडायची खेळणी

बजी (बाजारात यांनाच सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात) आणि कॉकाटील (डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट) यांच्या वाटीत बहुतेक घरी नुसती बाजरी आणि राळे असतात. दाण्यांनी पोट भरतं, पण त्यातून ‘अ’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम फारच थोडं मिळतं. ही कसर पाला भरून काढतो, आणि तो रोजच्या भाजीतूनच निघतो. दुकानातल्या मधाच्या कांड्यांवर पैसे घालवू नका. तेच दाणे साखरेच्या पाकात चिकटवलेले असतात.

पाल्यात पहिला मान शेवग्याचा. कोथिंबीर, मेथी, मुळ्याचा पाला हेही चांगले. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून तो आठवड्यातून एकदाच, एखादं पान. अळू कधीच नको. पाला दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा, पाणी दोनदा बदला, मग वाहत्या नळाखाली धुवा. बजीला दिवसाला एक चहाचा चमचा चिरलेला पाला पुरतो, कॉकाटीलला दोन.

नवा पक्षी पाल्याकडे ढुंकूनही पाहत नाही, तेव्हा चिरू नका. कोथिंबिरीच्या चार काड्या ओल्याच ठेवून लाकडी चिमट्याने दांडीजवळ जाळीला टांगा. बजी आधी ओल्या पानांत अंग घासतो, मग पान चावून बघतो. आठवडाभर रोज सकाळी, दाण्याची वाटी भरण्याआधी, हेच करत राहा. दाणे मात्र बंद करू नका. एवढ्याशा जिवाला उपास झेपत नाही. उन्हाळ्यात दोन तासांनी उरलेला पाला काढून टाका, नाहीतर आंबतो.

पाला सुरू झाला की शीट पातळ दिसते आणि लोक घाबरतात. नीट बघा: मधली हिरवी गुंडाळी आकारात असेल आणि भोवती फक्त पाणी वाढलं असेल, तर ते पाल्यातलं पाणी आहे. गुंडाळीच मोडून सगळं सरबरीत झालं असेल आणि पक्षी पिसं फुगवून बसला असेल, तर पाला थांबवा आणि त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

खाऊ म्हणून राळ्याचं कणीस सगळ्यांत उत्तम. बोटाच्या पेराएवढा तुकडा, आठवड्यातून दोनदा, तोही हातातून भरवा, पक्षी माणसाळतो. मोड आलेले मूगही चालतात: आठ तास भिजवा, निथळून फडक्यात बांधा, दिवसातून तीनदा धुवा, मोड दिसताच द्या. आंबूस वास आला तर फेकून द्या. सूर्यफुलाच्या बिया तेलकट, त्यामुळे बजीला जवळजवळ नकोतच. अॅव्होकॅडो, चॉकलेट, कांदा, लसूण, चहा-कॉफी, फरसाण आणि सफरचंदाच्या बिया पूर्ण वर्ज्य. अॅव्होकॅडोने पक्ष्याचं हृदय निकामी होऊन एक-दोन दिवसांत जीव जातो, तेव्हा ‘जरासं’ही नको.

कॅल्शियमसाठी समुद्रफेन (कटलफिश या समुद्री जिवाचं पांढरं, हलकं हाड) जाळीला अडकवा, मऊ बाजू पक्ष्याकडे. काष्ठौषधींच्या दुकानात अख्खा तुकडा मागा, पूड नको. किनाऱ्यावर सापडलेला असेल तर दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात, पाणी बदलत भिजवा आणि कडक उन्हात वाळवा.

कुरतडायला कडुलिंबाची किंवा पेरूची फांदी द्या. बजीच्या दांडीसाठी एक ते दीड सेंटिमीटर जाड, मुद्दाम कमीजास्त जाडीची. पायाचा ताण वाटला जातो. रस्त्याकडेची किंवा फवारणी झालेली नको. घासा, उकळतं पाणी ओता, दोन दिवस वाळवा. कण्हेर, रुई, धोतरा यांच्या फांद्या विषारी.

करवंटीचं खेळणं फुकटात होतं. खोबरं पूर्ण खरवडा. राहिलेलं तेल खवट होतं. दहा मिनिटं उकळा, शेंड्या उपटून टाका, कडा पॉलिशपेपरने घासा, भोक पाडून स्टेनलेस स्टीलच्या कडीने टांगा. आत मक्याच्या कणसाच्या सालीच्या पट्ट्या खोचा. त्या आधी खडखडीत वाळवा, पावसाळ्यात त्यांना लगेच बुरशी धरते. दाणे काढलेलं वाळकं कणीससुद्धा तासन्‌तास पुरतं. बजीला छपाई नसलेल्या पुठ्ठ्याचे तुकडे फाडायला आवडतात.

धोका खेळण्यापेक्षा बांधणीत असतो. सुती दोरा आणि सुतळीचे धागे सुटतात, नखाभोवती आवळले की बोट काळं पडतं, गिळले तर पोटपिशवीत गोळा होतो. म्हणून दोरा टाळा. जस्ताचा मुलामा असलेली तार आणि पत्र्याच्या घंटाही नकोत. चोचीने खरवडून पोटात गेलेलं जस्त विषबाधा करतं. दर आठवड्याला कडी ओढून बघा, करवंटीला तडा गेला असेल तर बदला.

नवं खेळणं थेट आत टांगलं तर पक्षी बिचकून कोपरा धरतो. दोन दिवस पिंजऱ्याबाहेर, नजरेसमोर ठेवा. तो जवळ येऊन मान वाकडी करून बघायला लागला की आत घ्या, पण झोपायच्या दांडीपासून दूर.