पांढऱ्या गाडीवरचे गंजाचे ठिपके मुळापासून कसे काढावेत

पांढरी गाडी धुऊन कोरडी केली की बॉनेटवर, डिकीच्या दारावर, बंपरच्या वरच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके दिसायला लागतात. शांपूने जात नाहीत. नखाने खरवडले तर एखादा निघतो, बाकीचे ढिम्म. मग कोणी टूथपेस्ट सुचवतं, कोणी लिंबू, तर कोणी भांडी घासायची तारेची घासणी. तारेची घासणी सुचवणाऱ्याला गाडीपासून दहा हात लांब ठेवा. तिचे पोलादी कण तुटून रंगात अडकतात. म्हणजे गेलात गंज काढायला आणि आलात गंजाचं बियाणं पेरून. ब्लीचही नको. ते लोखंडाला आणखी गंजवतं.

पहिल्यांदा हे ठिपके दिसले की पत्राच गंजला म्हणून धडकी भरते. बहुतेक वेळा पत्र्याला काहीही झालेलं नसतं. ते लोखंड गाडीचं नसतंच, बाहेरून येऊन बसलेलं असतं. ब्रेक दाबला की डिस्क आणि पॅड घासून लोखंडाची पूड उडते. रेल्वेच्या चाकांतून आणि रुळांतून उडते. ग्राइंडरने सळई कापताना जी ठिणगी दिसते, ती म्हणजे लोखंडाचा जळता कणच. असे कण रंगावरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये रुतून बसतात आणि पाणी लागलं की गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे कण जागच्या जागी फुगतो, भोवतीचा कोट किंचित उचलतो आणि पाण्याला आत शिरायला आणखी वाट मिळते. काळ्या गाडीवरही इतकेच कण बसतात. तिच्या मालकाला ते दिसत नाहीत, म्हणून तो सुखात असतो.

आधी भिंग, मग बाटली

साधं भिंग घ्या आणि चार-पाच ठिपके नीट बघा. रंग सपाट, मधोमध काळपट कण आणि भोवती तांबूस वलय असेल तर गंज वरून आलाय. हा लेख त्यासाठीच आहे. खड्डा दिसतोय, त्याच्या कडा तुटलेल्या आहेत, किंवा रंगाला बारीक फोड आलाय, तर तो दगडाचा टवका उडून पत्र्यातून वर आलेला गंज. असे टवके बहुधा बॉनेटच्या पुढच्या कडेला, चाकांच्या कमानींवर आणि दारांच्या खालच्या बाजूला असतात. तिथे गंज पार खरवडून, रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज निष्क्रिय करणारं रसायन), प्रायमर आणि टचअपचा रंग याला पर्याय नाही. फोड आला असेल तर सरळ पेंटरकडे जा. त्यावर बाटल्या ओतत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आणखी एक काम आत्ताच करून ठेवा. बॉनेटवर मास्किंग टेपने वीतभर चौकट आखा, आतल्या ठिपक्यांचा जवळून फोटो काढा आणि टेप काढून टाका. चौकट कुठे होती हे वायपरच्या किंवा लोगोच्या अंतरावरून लिहून ठेवा. हा फोटो शेवटी लागणार आहे.

धुणं: नेहमीसारखं, सावलीत. पाणी निथळू द्या, अंगावर डबकी राहायला नकोत.

जिथे मी दोन वर्षं चुकलो

दोन वर्षं मी क्ले बारच्या, म्हणजे रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणाऱ्या मऊ, चिकणमातीसारख्या वडीच्या प्रेमात होतो. गाडी धुवायची, साबणाच्या पाण्याने ओली ठेवायची आणि क्लेची वडी फिरवत सुटायचं. हाताखालची खरखर जाते, पृष्ठभाग काचेसारखा होतो, ठिपके गायब. पाहणारा म्हणतो, वा! तीन आठवडे गेले, दोन-चार वेळा पाऊस लागला, की ठिपके पुन्हा हजर. मी दोष गाडी लावायच्या जागेला दिला, नंतर रंगाला दिला. शेवटी एकदा क्ले फिरवून झाल्यावर त्याच जागी भिंग धरलं तेव्हा डोळे उघडले. वर आलेला गंजाचा टोपरा निघाला होता, पण कोटमध्ये रुतलेलं काळं बूड जसंच्या तसं होतं.

हरळी वरून खुडली तर काय होतं, तेच इथे होतं. क्ले कणाची मान कापते. मूळ राहतं, आणि आता ते उघडं पडलेलं असल्याने पाण्याला आयतं सापडतं. शिवाय वडीत अडकलेले धारदार कण तुम्ही पुढे गाडीभर फिरवत राहता. उन्हात आडव्या प्रकाशात जे कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात, त्यांतले बरेचसे माझ्या गाडीवर माझ्याच हाताने आले होते. म्हणून ‘आधी क्ले फिरवा’ असं कोणी सांगितलं की माझं डोकं फिरतं. आधी रसायन. क्ले नंतर, आणि तीही लागलीच तर.

हे रसायन आयर्न रिमूव्हर किंवा फॉलआउट रिमूव्हर या नावाने मिळतं. त्यातला कामाचा घटक थायोग्लायकोलेट. केस कुरळे करण्याच्या द्रावणांत याच कुळातलं रसायन असतं आणि वासही तसाच, नासक्या अंड्याकडे झुकणारा. सुगंध घातलेली बाटली घेतलीत तर नासक्या अंड्यावर अत्तर शिंपडल्यासारखा वास येतो, एवढाच फरक. हे लोखंडाला धरून पाण्यात विरघळणारं जांभळं संयुग तयार करतं आणि ते पाण्याबरोबर वाहून जातं. घासून काढायचं नसून विरघळवून काढायचं आहे, हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या चुका होत नाहीत.

हातमोजे घाला, काम मोकळ्या हवेत करा आणि हे द्रावण दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये, विशेषतः ॲसिडमध्ये, कधीही मिसळू नका. पत्रा थंड हवा. तळहाताचा अंदाज चुकतो, म्हणून हाताची मागची बाजू टेकवून पाहा. जराही ऊब लागली तर थांबा. मी एकदा उन्हातून आणलेल्या गाडीच्या छतावर घाईने फवारलं. दोन मिनिटांत ते वाळलं आणि जांभळट ओघळांचे डाग राहिले. पुन्हा तेच द्रावण मारून, पुन्हा धुऊन, शेवटी पॉलिश करून ते घालवण्यात अख्खा दिवस गेला.

एका वेळी एकच भाग घ्या. अर्धं बॉनेट घ्या किंवा एक दार. भरपूर फवारा आणि हात मागे घ्या. मिनिटभरात एकेका ठिपक्यातून शाईचा थेंब फुटल्यासारखी जांभळी रेघ निघते आणि उतारावरून खाली सरकते. इथेच लोक चुकतात: रंग बदललेला बघून खूश होतात आणि लगेच पाणी मारतात. जांभळं दिसणं म्हणजे काम सुरू झालं, संपलेलं नाही. बाटलीवर जेवढा वेळ लिहिलाय, बहुधा तीन ते पाच मिनिटं, तेवढा पूर्ण द्या. मधे ओल्या मऊ मायक्रोफायबरने, वजन न टाकता, एकदा फिरवून घ्या. वाळायला लागलं असं वाटलं तर आणखी फवारा, वाळू मात्र देऊ नका. मग भरपूर पाणी. दाराची मूठ, आरशाची खाच, इंधनाचं झाकण आणि लोगोच्या मागे पाणी नीट खेळवा, नाहीतर तासाभराने तिथून जांभळे ओघळ येतात.

आता लगेच दुसरी फेरी. एका फेरीत जुने ठिपके जात नाहीत, बाटलीवर काहीही छापलेलं असो. पहिली फेरी वरचा गंज खाते, दुसरी बुडापर्यंत पोहोचते. दुसऱ्या फेरीत जांभळं फिकं पडलं तर आपण योग्य वाटेवर आहोत.

काही चिवट ठिपके तरीही तांबूसच राहतात. त्यांच्यासाठी माझा उपाय असा: टिश्यू पेपरचे नखाएवढे तुकडे द्रावणात भिजवायचे आणि एकेका ठिपक्यावर चिकटवायचे. उभ्या पत्र्यावर द्रावण थांबत नाही, कागद ते धरून ठेवतो. पाचेक मिनिटांनी कागद उचलला की त्याच्या खालच्या बाजूला बरोबर ठिपक्याच्या जागी जांभळा डाग उमटलेला असतो. तो दिसला की समजायचं, बूड सुटतंय. कागद कडेने पांढरा पडायच्या आत पुन्हा भिजवा किंवा काढा, आणि जागा धुऊन घ्या.

ऑक्झॅलिक ॲसिडचा जुना उपाय चालतो, हे मी नाकारत नाही. पण ते विषारी आहे, आणि पत्र्याच्या सांध्यात राहिलं तर बाधतं. घरी गाडी धुणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये. हायड्रोक्लोरिक ॲसिड असलेलं बाथरूम क्लीनर तर गाडीच्या आसपासही नको.

मग क्ले, गरज असेल तरच

धुतलेल्या पत्र्यावर बोटांना पातळ प्लास्टिकची पिशवी घालून हात फिरवा. उघड्या हाताला न कळणारी खरखर पिशवीतून स्पष्ट कळते. खरखर नसेल तर क्लेला हातही लावू नका. असेल तर सर्वांत मऊ क्ले, भरपूर निसरडं पाणी, सरळ रेषेत हात, आणि दर वीतभर जागेनंतर वडी दुमडून नवी बाजू. वडी जमिनीवर पडली तर टाकून द्या. धुऊन वापरायची काटकसर मी केली आहे, म्हणून सांगतोय. क्ले झाली की आयर्न रिमूव्हरची एक शेवटची फेरी, कारण मान कापलेला एखादा कण राहिलाच असेल तर तो आता उघडा आहे.

फिकट पिवळट सावली उरली तर हलकं पॉलिश, तेही हाताने. क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, केसाच्या जाडीहूनही पातळ. दरवेळी रबिंग कंपाउंड घासाल तर ठिपक्यांआधी कोट संपेल. पॉलिशच्या फडक्यावर पांढरा रंग उतरला तर गाडीला क्लिअर कोटच नाही, जुन्या साध्या पांढऱ्या रंगांत तसं असे. तिथे लगेच थांबा.

त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट. हा थर तापलेली ठिणगी अडवत नाही, पण ब्रेकची पूड रुतायच्या आत धुऊन जाते.

महिनाभराने तो फोटो बाहेर काढा

दोन-तीन धुण्यांनंतर त्याच चौकटीचा दुसरा फोटो घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. ‘ठिपके परत आले’ याचे दोन अर्थ असतात आणि दोघांवरचा इलाज वेगळा. ठिपका अगदी जुन्याच जागी असेल तर बूड राहिलंय: तिथे टिश्यूचा तुकडा, दुसरं काही नाही. ठिपके नव्या जागी असतील तर तुमचं काम चोख झालंय, गाडीवर नवं लोखंड पडतंय. मग ते कुठून येतंय ते शोधा. फक्त डिकीचं दार, मागचा बंपर आणि दारांचा खालचा भाग खराब होत असेल तर बहुधा तुमच्याच ब्रेकची पूड आहे. चाकं दर धुण्याला नीट धुवा आणि अंग धुवायचं फडकं चाकांना लावू नका. छत आणि बॉनेटवर सारखे पसरले असतील तर हवेतून येतायत: जवळ रेल्वेमार्ग, वेल्डिंगचं काम किंवा सळई कापणारं बांधकाम असणार. बांधकाम असेल तर तेवढे महिने गाडी दुसरीकडे लावा. एकाच बाजूला, ओघळांसारखे आणि थेंबांच्या आकाराचे डाग असतील तर लोखंडाचा अंश असलेलं पाणी गाडीवर उडतंय. बागेचा फवारा कुठे फिरतो ते बघा.

माझ्या गाडीला वर्षातून दोनदा आयर्न रिमूव्हर पुरतं. क्लेची शेवटची वडी कपाटात पडून वाळून गेली.