टेबलावरची खारफुटी: दलदलीचे टेरेन आणि रेझिनची कटकट

मिनिएचर गेमसाठी, म्हणजे छोट्या पुतळ्यांनी टेबलावर लढायच्या खेळासाठी, दलदलीचे टेरेन (देखावा) कसे बनवायचे म्हणून शोधायला गेलात की सगळीकडे एकच नमुना भेटतो: वाळकी काळी झाडे, दोन-चार कवट्या आणि पोपटी पाणी. ते पाणी पाहून मला उसाच्या रसाचा गाडा आठवतो. गोव्यात राहून दलदल शोधायला इंटरनेट कशाला हवे? सुकतीची (ओहोटीची) वेळ साधून रायबंदरहून चोडणची फेरीबोट धरा आणि सलीम अली पक्षी अभयारण्याच्या कडेचा चिखल डोळे भरून पाहा. तो करडा-काळा असतो, वर ओली चकाकी असते आणि त्यातून तिवर या खारफुटीच्या झाडांची श्वसनमुळे पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात. आपल्याला हेच टेबलावर आणायचे आहे.

३० × ३० सेंटिमीटरच्या टाइल, म्हणजे शेजारी शेजारी मांडायचे चौकोनी तुकडे, करा. चार फुटी चौकोनी टेबलाला १६ लागतात, पण दलदलीच्या चार-पाच पुरेत. सगळेच पाणी केले तर लढाई कुठे करणार? तळाला एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड) वापरू नका, आपल्या पावसाळ्यात तो फुगतो आणि वाकतो. ५ मिलिमीटरचा सनबोर्ड (हलका प्लॅस्टिकचा बोर्ड) घ्या. त्यावर एक्सपीएस फोम (थर्माकोलसारखाच, पण घट्ट) चिकटवून पाण्याचे ओहोळ ३-४ मिलिमीटर खोल कोरा. मधले उंचवटे निदान ५ सेंटिमीटर रुंद ठेवा, म्हणजे मिनिएचरचा ३२ मिलिमीटरचा बेस (पायाखालची चकती) त्यावर सरळ उभा राहील. फेविकॉल, बारीक रेती आणि वॉल पुट्टी कालवून चिखल थापा. स्प्रे पेंट अजिबात नको, उघडा फोम त्याने वितळतो.

कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या झाडासाठी विजेच्या वायरमधले तांब्याचे धागे पिळून खोड करा आणि खालचे सहा-सात धागे छत्रीच्या काड्यांसारखे बाहेर वाकवा, झाली आधारमुळे. उंची १२ सेंटिमीटर पुरे. तिवरांच्या श्वसनमुळांसाठी काथ्याचे जुने पायपुसणे शोधा. त्याचे ताठ धागे कापून, टाचणीने भोक पाडून, फेविकॉलमध्ये बुडवून रोवा. वर ५ मिलिमीटरच दिसू द्या. एका टाइलला शंभरेक लागतात, एक संध्याकाळ जाते. पाचोळा म्हणून चहाचा चोथा चालतो, पण तव्यावर खडखडीत भाजून घ्या, नाहीतर आठ दिवसांत बुरशी येते. कुंभारजुव्याच्या कालव्यातली मगर हवी असेल तर ती याच वेळी बसवा. २८ मिलिमीटरच्या मिनिएचरबरोबर साडेपाच सेंटिमीटरची मगर म्हणजे खरी तीन मीटरची.

आता पाणी, म्हणजे ओतल्यावर कडक होणारा पारदर्शक द्रव, रेझिन. आतापर्यंतचे काम शाळकरी पोरालाही जमेल. माझ्या टाइल वाया गेल्या त्या इथेच.

पहिल्या वेळी मी शहाणपणा केला. फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या एका शेडमधून लिटरभर रेझिन आणले, का तर स्वस्त. ओतले, आणि डोळ्यांदेखत फोम खचायला लागला. झाडे कलली, काठ आत गेले, टाइलची खीर झाली. होडीचे रेझिन पॉलिएस्टर, त्यात स्टायरीन. आणि एक्सपीएस काय, थर्माकोल काय, दोन्ही पॉलिस्टायरीन. ते विरघळणारच. घरात इतका वास राहिला की चतुर्थीला माटोळी (गणपतीवरची फळापानांची आरास) बांधतानाही आईने तो विषय काढला. तेव्हा इपॉक्सीच घ्या. दुकानदार ‘एकच गो सगळें’ म्हणाला तरी डब्यावर इपॉक्सी लिहिलेले वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसऱ्या वेळी इपॉक्सी आणले, पण जुलैत ओतले. सकाळी वर पांढुरका, तेलकट थर. हार्डनर (इपॉक्सीत मिसळायचा दुसरा द्रव) हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरतो, त्याचा हा प्रताप. असे झाले तर टाइल फेकू नका. पूर्ण कडक झाल्यावर कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि स्क्रबरने घासा, वाळवा आणि वर पातळ थर द्या. पण खरा उपाय म्हणजे हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करणे. पावसात करायचेच असेल तर खोलीत दोन तास आधी एसी ड्राय मोडवर लावा.

ओतण्याआधी तळ रंगवा: मध्ये काळपट तपकिरी, काठाकडे फिका. पाण्याला खोली या रंगाने येते, रेझिनमध्ये रंग ओतून नव्हे. रेझिनमध्ये काडीच्या टोकावर मावेल एवढाच तपकिरी रंग घाला. पाण्यात विरघळणारा रंग जास्त झाला तर रेझिन चिकटच राहते. मग फेविकॉलचे दोन हात देऊन छिद्रे बुजवा आणि दोन दिवस वाळू द्या. ‘तासाभरात ओता’ म्हणणाऱ्यांनी दमट हवा पाहिलेली नाही. ओला फेविकॉल रेझिनखाली दुधासारखा पांढरा होतो. कडांना पॅकिंग टेप लावून बाहेरून ग्लू गनची रेघ ओढा.

अर्धी टाइल पाणी असेल आणि थर ३ मिलिमीटर हवा असेल तर १३५ मिलिलिटर रेझिन लागते. कपाला चिकटणारे धरून १५० करा. बाटलीवरचे रेझिन आणि हार्डनरचे प्रमाण मापाचे असेल तर मापानेच घ्या, वजनाने नाही. हातमोजे घाला, तीन मिनिटे सावकाश ढवळा, मग दुसऱ्या कपात ओतून पुन्हा ढवळा. पहिल्या कपाच्या कडेचे न मिसळलेले रेझिन खरवडून टाइलवर घेऊ नका, तिथे डबके कायम चिकट राहते. एका वेळी ३ मिलिमीटरच. जाड थर तापतो आणि फोम मऊ पडतो. बुडबुड्यांवरून लायटर झरकन फिरवा, थांबू नका. रेझिन काथ्यावर थोडे चढेल. एरवी हा दोष, इथे तो सुकतीनंतरची ओल म्हणून खपतो.

वर प्लॅस्टिकचा डबा पालथा घाला, नाहीतर मुंग्या येऊन कायमच्या राहतात. दुसऱ्या दिवशी हाताला कडक लागले तरी आठवडाभर त्यावर मिनिएचर ठेवू नका. माझ्या एका टाइलवर २५ मिलिमीटरच्या बेसचा गोल ठसा उठला होता. तिथे आता तिवराचा बुंधा आहे.