लंडनमधलं अडकलेलं डिपॉझिट असं सुटलं

घर सोडलं आणि एजंटची मेल आली: कार्पेटवर डाग आहे, निम्मं डिपॉझिट कापणार. डाग आम्ही राहायला जायच्या आधीपासूनचा!

इंग्लंडमध्ये डिपॉझिट मिळाल्यापासून ३० दिवसांत मालकाला ते सरकारमान्य योजनेत संरक्षित करावं लागतं. या योजनांकडे तंटा सोडवायची मोफत सोय असते, वकील लागत नाही. मुख्य म्हणजे, कपात रास्त आहे हे मालकाने सिद्ध करायचं, भाडेकरूने नाही. हे वाचलं तेव्हा जीव भांड्यात पडला. फक्त तंटा योजनेकडे न्यायला मालकाचाही होकार लागतो. आमच्या मालकाने दिला.

मी आत शिरतानाच फोटो काढले होते. खिडकीखालचा चहाच्या रंगाचा डाग, मापाला शेजारी ठेवलेली किल्ली. सामानाच्या यादीतही ‘डाग’ अशी नोंद, खाली एजंटची सही. सगळं तारखांसह पाठवलं. पूर्ण रक्कम परत आली.

नवं घर घेताना एक बघा. वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल, तर पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट मागता येत नाही. २०१९ पासून तसा कायदाच आहे.