खाणीचा ढिगारा रचताना आधी पाण्याची वाट

सोलापूर जिल्ह्यात कोळसा नाही, पण डबराच्या खाणी आहेत. पाषाण हाती लागण्याआधी वरची काळी माती आणि मुरूम काढून कुठेतरी टाकावा लागतो. त्या ढिगाला कोळसा खाणीच्या ढिगाचेच नियम लागू पडतात. वेल्समधल्या ॲबरफॅनला १९६६ साली कोळशाच्या टाकाऊ मालाचा ढीग शाळेवर घसरला. १४४ जण गेले, त्यात ११६ मुले. तो ढीग झऱ्यावर रचलेला होता.

म्हणून आधी जागा बघा, तीही दिवाळीनंतर. आजूबाजूचे गवत वाळलेले आणि एकाच पट्ट्यात लव्हाळा हिरवागार असेल, तर खाली उमाळा आहे. तिथे ढीग नको. ओढ्याची जुनी वाट असेल तिथेही नको.

तळाची काळी माती मुरूम लागेपर्यंत खरवडून काढा. ती भिजली की साबणासारखी होते आणि वरचा भार घेऊन सरकते. ही माती वेगळी ठेवा, नंतर झाडांना लागेल. दगडात मिसळू नका. बरेच ढिगारे इथेच बिघडतात.

‘आपल्याकडे पाऊस तो केवढा’ म्हणणारे सप्टेंबर विसरतात. तासात ५० मिमी पडला, तर एका एकरावर दोन लाख लिटर, म्हणजे दहा हजारी वीस टँकर. ते ढिगात शिरण्याआधीच वळवा. चढाच्या अंगाला तीन-चार मीटर अंतर सोडून चर काढा: तळ ६० सेंमी, खोली ६० सेंमी, दर शंभर मीटरला अर्धा मीटर उतार. उतार जास्त दिला तर काळ्या मातीत चराचीच घळ होते. जास्त उतार टळत नसेल तिथे तळाला डबर बसवा.

पायथ्याला मोठ्या डबराचा बांध घाला, मागे जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड. सिमेंटची सलग भिंत दिसायला छान, पण पाणी अडवते.

कोळसा खाणींच्या नियमांत ढिगाचा उतार साधारण ३७ अंशांपुढे चालत नाही. हा आकडा मोकळ्या दगडाचा. माती मिसळलीच असेल तर उभ्या एकाला आडवे अडीच-तीन ठेवा. दर पाच मीटर उंचीला तीन-चार मीटरचा टप्पा सोडा, कल आत, आणि आतल्या कडेने चर. तो चर बाहेर काढला नाही तर टप्प्यावर तळे साचेल.

उन्हाळ्यात काळ्या मातीला जाळीसारख्या भेगा पडतातच. घातक भेग वेगळी: माथ्यावर, काठाला समांतर, लांब, बाहेरची बाजू बोटभर खचलेली. दोन्ही अंगांना खुंट्या ठोकून रोज सकाळी टेप लावा. अंतर रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त वाढत असेल, तर पायथ्याची माणसे आणि पोकलेन लगेच हलवा. एरवी भेग मुरमाने ठोकून बुजवा, खुंट्या मात्र काढू नका.

पायथ्यातून नितळ पाणी येत असेल तर ठीक. गढूळ आले तर आतली माती वाहते आहे. आणि पाऊस चालू असताना पाणी एकाएकी थांबले, तर वाट तुंबली आहे आणि पाणी आत साचते आहे. अशा वेळी पायथा उकरायला जेसीबी लावू नका. आधी माथ्यावर येणारे पाणी तोडा.