नीना सिमोनचं ‘सिनरमॅन’ ऐकायचं कसं

रिमिक्स नको, आणि सुरुवातीची काही मिनिटं ठेवून कापलेली आवृत्ती तर अजिबात नको. अमेरिकन गायिका आणि पियानोवादक नीना सिमोनच्या 1965 च्या ‘पॅस्टल ब्लूज’ अल्बममधलं शेवटचं गाणं लावा: ‘सिनरमॅन’, म्हणजे पापी माणूस. दहा मिनिटांहून थोडं मोठं आहे. फोनच्या स्पीकरवर बास (खालचे, खर्जातले सूर) हाती लागत नाही, म्हणून हेडफोन घ्या.

हे मुळात कृष्णवर्णीय अमेरिकनांचं पारंपरिक भक्तिगीत. ‘द वीव्हर्स’ या गटाचं ध्वनिमुद्रण आधी ऐकलंत तर गोष्ट नीट कळेल: देव सगळ्यांचा निवाडा करतो त्या न्यायाच्या दिवशी पापी माणूस लपायला जागा शोधत पळतोय. मराठी बायबलमध्ये ‘प्रकटीकरण’चा सहावा अध्यायही वाचून घ्या. तिथे राजे आणि सरदार डोंगरांना, खडकांना लपवा म्हणून विनवतात.

आता नीना. पहिल्यांदा फक्त शब्दांच्या मागे जा. खडक नाही म्हणतो, नदी रक्ताळलेली, समुद्र उकळतोय. देवाकडे धावला तर देव सांगतो, सैतानाकडे जा. आणि सैतान वाटच बघत असतो!

दुसऱ्यांदा पियानो धरा. नॉर्थ कॅरोलिनातल्या ट्रायॉनमध्ये 1933 साली जन्मलेली ही मुलगी, आई मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाची धर्मोपदेशक, आणि लहानपणापासून चर्चमध्ये पियानोवर ही. पुढे जर्मन संगीतकार बाखच्या रचनांचं कसून शिक्षण. ‘सिनरमॅन’ तिला त्या प्रार्थनासभांतूनच मिळालं. एकच तुकडा ती न थकता फिरवत राहते, आणि पळणाऱ्याची धाप तिथेच ऐकू येते.

मग साधारण मध्यावर वाद्यं एकेक करून गळतात आणि टाळ्या उरतात. अनेक जण हा भाग पुढे ढकलतात. कृपया ढकलू नका. मी तबला वाजवते, आणि माझ्या मते या गाण्याचा जीव इथेच आहे. चारचार मात्रा मोजत तुम्हीही टाळी धरा. लय जराही ढळत नाही, शब्द नाहीत, सूर नाहीत, तरी ताण वाढतच जातो. भजनात गजर रंगल्यावर पेटी थांबते आणि नुसते टाळ चालू राहतात, तसं. पियानो परत शिरतो तेव्हा तो किती हळू शिरतो, ते नक्की ऐका. सभागृहात ऐकवायचं जॅझ आणि चर्चमधली सभा यांच्यातली भिंत तिने इथे पाडली, असं मला मनापासून वाटतं.

‘पॉवर’ची आरोळी आली की पाठीमागून मिळणाऱ्या उत्तरांकडे कान द्या. शेवटाकडे ती देवाला ‘मला तुझी गरज आहे’ म्हणते, तिथून मोजणं सोडून द्या. ठेकाही सुटतो.

तुमच्या गटाला हे गायचं असेल तर सुरुवात वाद्यांशिवाय, टाळीवर करा. एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी उत्तर. टाळी सगळ्यांच्या हातात पक्की बसली की मगच पियानो उघडा.